पिकअपचा सायलेन्सर बदलायचाय? आधी ओढ कुठं गेली ते शोधा

कांद्याची आवक वाढली की सोलापूरच्या सिद्धेश्वर मार्केट यार्डाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये एक विषय हमखास निघतो. गाडी चढाला मरते, फ्री फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर टाकला तर फरक पडेल का? विचारणाऱ्यांपैकी निम्मे पुढच्या आठवड्यात टाकून मोकळे होतात. आवाज वाढतो, म्हणून दोन दिवस गाडी हलकी वाटते. मग माल भरून तुळजापूरचा घाट लागतो आणि आधी जिथं दुसरा गिअर टाकावा लागायचा, तिथंच तो पुन्हा टाकावा लागतो.

पाइप सगळ्यांत शेवटी बदलायचा असतो आणि आपल्याकडे तो सगळ्यांत आधी बदलला जातो. म्हणून हा लेख क्रमानं लिहिला आहे. टप्पे उलटसुलट करू नका. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावरच तुमचं काम झालं तर पुढचा खर्च वाचला म्हणून समजा.

शब्दाचा घोळ नको म्हणून सांगतो. आपण गाडीलाही पिकअप म्हणतो आणि ‘गाडीला पिकअप नाही’ असंही म्हणतो. इथं पिकअप म्हणजे गाडी, आणि ताकदीला मी ओढ म्हणणार आहे. सगळं वर्णन टर्बो डिझेल पिकअपचं आहे.

## किती फायदा होऊ शकतो

मोबाइलवर ‘वीस हॉर्सपॉवर वाढले’ असे जे व्हिडिओ फिरतात, ते बहुतेक अमेरिकेतल्या पाच-सहा लिटरच्या, आठ सिलिंडरच्या पेट्रोल (व्ही-एट) गाड्यांचे असतात. आपली बोलेरो पिकअप अडीच लिटरची, चार सिलिंडरची डिझेल. ताकद साधारण ७५ हॉर्सपॉवर. त्या गाड्यांचे आकडे इथं लावता येत नाहीत.

डिझेल इंजिनाची ताकद आत किती डिझेल फवारलं जातं त्यावर ठरते आणि ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. धूर बाहेर जायची वाट मोकळी झाली म्हणून ईसीयू आपणहून जास्त डिझेल देत नाही. शिवाय धुराच्या वाटेतला सगळ्यांत मोठा अडथळा टर्बोचं (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणाऱ्या यंत्राचं) चाक हाच असतो, बीएस ६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीत त्यानंतर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर येतो, आणि सायलेन्सरचा नंबर त्याच्याही मागे लागतो. चांगल्या स्थितीतला कंपनीचा सायलेन्सर काढून मोकळा बसवला आणि दोन-तीन टक्के फरक पडला, तर मी तो चांगला निकाल धरतो. ७५ हॉर्सपॉवरवर तो होतो दीड ते दोन.

तरी उपयोग होतो, तो दोन ठिकाणी. मागचा दाब कमी झाला की टर्बो थोडा लवकर उठतो, त्यामुळे कमी आरपीएमला गाडी जरा मोकळी वाटते. आणि भरलेल्या गाडीनं लांब चढ चढताना धुराचं तापमान काहीसं कमी राहतं. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते.

मोठा फरक फक्त एकाच परिस्थितीत दिसतो: सध्याचा पाइप चेपलेला, सायलेन्सर आतून तुटलेला किंवा डीपीएफ भरलेला असेल तर. तेव्हा नवीन सामान ताकद वाढवत नाही, अडकलेली ताकद सोडवतं. तुमची गाडी यातल्या कोणत्या खान्यात बसते ते पाइप विकत घेण्याआधी कळायला हवं.

## टप्पा १ : काय बदलायला हात लावायचा नाही ते ठरवा

बीएस ६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू आहेत. त्या गाडीत टर्बोच्या पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, डीपीएफ, तापमानाचे आणि दाबाचे सेन्सर अशी साखळी असते. ही साखळी संपल्यानंतर जो पाइप आणि सायलेन्सर येतो, तेवढाच बदलाचा विषय आहे. त्याच्या अलीकडं हात लावायचा नाही.

‘डीपीएफ आतून पोकळ करून देतो, वर सॉफ्टवेअर मारतो, लाइटपण लागणार नाही’ असं सांगणारे भेटतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या तपशिलात मनानं बदल करता येत नाही. कलम १८२अ (४) नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० (२) वेगळं: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने निलंबित. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला दंडापेक्षा ते तीन महिने जास्त महाग पडतात.

कायदा बाजूला ठेवला तरी तो काळा धूर आपल्याच गल्लीत, आपल्याच पोरांच्या नाकात जातो. डीपीएफ काढायचा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

तपासा: वॉरंटी बाकी असेल तर सायलेन्सर बदलण्याआधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. विम्याच्या कंपनीलाही बदल कळवा. बसवणार तो सायलेन्सर तुमच्याच मॉडेलसाठी मान्यता असलेला आहे का, ते बिलावर लिहून घ्या.

## टप्पा २ : आधी मोजा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात, आणि मग ‘वाटतंय फरक पडलाय’ एवढंच हातात राहतं.

१. गाडीवर ठरावीक वजन ठेवा आणि वजनकाट्यावरून पावती घ्या. रिकाम्या गाडीवर ओढीतला फरक कळत नाही. आरसीवर लिहिलेल्या वजनाच्या आत राहा.

२. सपाट, सरळ, कमी वर्दळीचा रस्ता निवडा. सकाळी सहा-साडेसहाची वेळ बरी. हवा थंड असते, वारा कमी असतो आणि आठवड्यानं पुन्हा मोजताना जवळपास तसंच हवामान मिळतं. दुपारच्या उन्हात एकदा आणि पहाटे एकदा मोजलं, तर हवेतलाच फरक तुम्ही सायलेन्सरच्या नावावर जमा कराल.

३. चौथ्या गिअरमध्ये ४० वरून ७० किलोमीटर वेग गाठायला किती सेकंद लागतात ते बघा. घड्याळ शेजारी बसलेल्यानं धरायचं, चालवणाऱ्यानं नाही. वेग मोबाइलच्या जीपीएसवर बघा. जाताना तीनदा, येताना तीनदा, आणि सहांची सरासरी. बऱ्याच मालवाहू गाड्यांत स्पीड गव्हर्नर ८० ला अडवतो, म्हणून ७० वर थांबायचं.

४. नेहमीचा एक चढ ठरवा. घाटात एखादी खूण धरा, झाड किंवा मैलाचा दगड, आणि तिथं कोणता गिअर, किती वेग, किती आरपीएम ते लिहा.

५. ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असंच काढा. पंप तोच, नोझल पहिल्यांदा तुटला की थांबायचं, वर डिझेल चेपायचं नाही. किमान तीन टाक्या. एका टाकीच्या हिशेबावर विश्वास ठेवू नका.

सगळं वहीत लिहा. डोक्यात ठेवलेला आकडा खर्च केल्यावर आपोआप बदलतो.

## टप्पा ३ : गेलेली ओढ शोधा

हा सगळ्यांत मोठा टप्पा आहे आणि माझ्या अनुभवात बहुतेक गाड्या इथंच बऱ्या होतात.

सोप्यापासून सुरुवात करा. टायरमधली हवा थंड असताना तपासा. मग ब्रेक: पाच-सहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालवा, थांबा आणि चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. ड्रमला हात लावू नका, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर तिथं ब्रेक धरतोय. अशा गाडीला कसलाही सायलेन्सर लावा, ती ओढणार नाही. क्लच: चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगानं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढतोय आणि वेग नाही, तर क्लच घसरतोय.

त्यानंतर एअर फिल्टर. आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर, ऊसतोडीच्या दिवसांत, पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरवर फिल्टर बदलणं पुरत नाही. काढून बल्बसमोर धरा. उजेड पलीकडं दिसत नसेल तर नवीन टाका. हवा मारून मारून तोच वापरत राहिलात तर कागद फाटतो आणि धूळ थेट टर्बोवर जाते.

डिझेल फिल्टर आणि त्यातलं पाणी. डीपीएफ नसलेल्या गाडीत इथं धूर बघून अर्धं निदान होतं. ओढ नाही आणि काळा धूर येतोय, तर इंजिनाला हवा कमी मिळतेय. ओढ नाही आणि धूरही विशेष नाही, तर डिझेल कमी पोचतंय, फिल्टरकडं बघा. एवढा नियम लक्षात ठेवला तरी गॅरेजमध्ये तुमच्याशी बोलताना मेस्त्री नीट बोलतो.

आता इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे, होज (रबरी नळ्या). यावर मी जरा थांबणार आहे, कारण माझेच पैसे इथं गेलेत.

माझी एक गाडी बोरामणीकडून येताना साध्या चढालाही बसायला लागली. एका गॅरेजमध्ये सांगितलं, सायलेन्सर चोक झालाय. बदलला. फरक शून्य. मग म्हणाले टर्बो गेला. तोपर्यंत चार दिवस भाडं बुडालं होतं. शेवटी ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडं नेली. त्यांनी बॉनेट उघडून बाकी काही न बघता इंटरकूलरच्या खालच्या होजला हात घातला. वरून होज नवा दिसत होता. खालच्या अंगाला, क्लिपच्या कडेला, दोन बोटं लांब चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली. त्यांनी दोन्ही हातांनी होज वाकवला तशी ती तोंड उघडल्यासारखी उघडली आणि आतलं काळं तेल त्यांच्या मनगटावर ओघळलं. टर्बोनं दाब दिला की तेवढ्यातून सगळी हवा बाहेर जात होती. होज बदलला आणि गाडी पूर्वीसारखी झाली.

म्हणून होज नुसता बघू नका. प्रत्येक होज हातानं वाकवून, खालून, क्लिपच्या कडेनं बघा. बाहेर तेलकट काळा डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली असेल तर तिथून हवा जातेय. शंका राहिली तर टर्बोच्या तोंडाला टोपी बसवून आत अर्धा ते एक बार हवा भरायची आणि जॉइंटवर साबणाचं पाणी सोडायचं. बुडबुडे जागा दाखवतात.

इशारा: ही हवा भरताना कॉम्प्रेसरवर रेग्युलेटर हवाच. टायरवाल्याकडचा पूर्ण दाब सोडला तर होज उडतो, सीलही जातात.

शेवटी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणारा भाग) आणि टर्बो यांच्यामधला जॉइंट. इथली गळती टर्बोच्या आधीची असल्यामुळे चाक फिरवायला लागणारा धूरच वाया जातो. खूण सोपी: गॅस्केटच्या कडेनं कोंबडीच्या पिसासारखे काळे काजळीचे फराटे उमटलेले दिसतात आणि थंड इंजिन सुरू केल्यावर टिक टिक आवाज येतो. तापल्यावर लोखंड फुगतं आणि आवाज बंद होतो, म्हणून गॅरेजला पोचेपर्यंत काही ऐकू येत नाही. सकाळी पहिल्या स्टार्टलाच कान द्या.

तपासा: यातलं काही सापडलं आणि दुरुस्त केलं, तर टप्पा २ ची मोजणी पुन्हा करा. आता ओढ पुरते का? पुरत असेल तर इथंच थांबा.

## टप्पा ४ : अडथळा नेमका कुठं आहे

बाहेरून सुरुवात करा. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घेऊन खाली पाइप बघा. शेतातल्या बांधावरून नेताना पाइप खालून चेपतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. मग सायलेन्सरवर रबरी हातोडीनं हलके ठोका. आत खडखडलं तर आतली पट्टी सुटलीय आणि ती वाट अडवून बसलेली असू शकते.

इशारा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. दोन घोड्या, चाकाला दगड, हँडब्रेक, हे तिन्ही झाल्यावरच.

बीएस ६ गाडी असेल तर स्कॅनर लावून डीपीएफच्या अलीकडचा-पलीकडचा दाबातला फरक आणि काजळीची पातळी वाचता येते. आयडलला हा फरक अगदी थोडा असतो आणि आरपीएमबरोबर वाढून पुन्हा खाली येतो. खाली येतच नसेल तर डीपीएफ भरलाय. मार्केट यार्ड ते दुकान, दुकान ते गोडाऊन अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत हे फार होतं, कारण काजळी जळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं आणि गावातल्या फेऱ्यांत ते कधी गाठलंच जात नाही. लाइट लागला की दुर्लक्ष न करता गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे पुणे रोडला किंवा विजापूर रोडला एकसारख्या वेगात वीस-पंचवीस मिनिटं चालवा. मध्येच बंद करू नका. तेलही पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. चुकीच्या तेलाची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती जळत नाही.

इशारा: डीपीएफ काजळी जाळत असताना किंवा नुकतंच जाळून झाल्यावर गाडी कडब्यावर, वाळलेल्या गवतावर, पाचटावर उभी करू नका. कडबा भरताना खाली सांडलेली ताटंही पाइपाजवळून काढा. याच चुकीनं भरली गाडी पेटते.

त्याआधीच्या नियमांच्या बीएस ४ गाडीत दाब मोजायचा तर सायलेन्सरच्या अलीकडच्या पाइपाला लहान भोक पाडून नट वेल्ड करतात. त्यात आधी हातभर धातूची नळी, मग रबरी नळी आणि मग शून्य ते एक बारचा गेज. थेट रबर लावलं तर ते वितळतं. काम झाल्यावर नटात बोल्ट बसवून बंद करायचं. उभ्या गाडीत नुसता रेस देऊन टर्बो डिझेलचा खरा दाब दिसत नाही, भरलेल्या गाडीनं चढावर वाचायला हवा.

गेज लावलेलाच ठेवून एक चाचणी करा. मोकळ्या जागेत उभ्या गाडीत एका ठरावीक आरपीएमला काटा वाचून ठेवा. मग गाडी थंड असताना सायलेन्सरच्या तोंडाचा जॉइंट उघडा आणि त्याच आरपीएमला पुन्हा वाचा. काटा ठळक खाली आला तर अडथळा सायलेन्सरमध्ये किंवा मागच्या पाइपात आहे. जागचा हलला नाही तर सायलेन्सर निर्दोष आहे आणि तो बदलण्यात पैसे घालण्यात अर्थ नाही. या छोट्या चाचणीनं कितीतरी जणांचा खर्च वाचेल.

## टप्पा ५ : काय घ्यायचं

पाइपाची जाडी. दोन इंची पाइप अडीच इंची केला तर आतली जागा ५६ टक्क्यांनी वाढते. ७५ ते १०० हॉर्सपॉवरच्या गाडीला अडीच इंच भरपूर आहे. तीन इंची टाकून आणखी ताकद मिळत नाही. वजन वाढतं, पाइप खाली लोंबतो आणि केबिनमध्ये घुमतो.

वळणं. साध्या बेंडरवर वाकवलेल्या पाइपाची आतली बाजू बहुतेक वेळा चेपते आणि अडीच इंचाचे पैसे देऊन वळणावर दोन इंचच मिळतात. मँड्रेल बेंड (आतून आधार देऊन वाकवलेला पाइप) मागा. बोट आत घालून बघा, सुरकुती लागली तर परत करा.

धातू. सोलापूरची हवा कोरडी. इथं पाइप बाहेरून कमी, आतून जास्त सडतो, कारण छोट्या फेऱ्यांत आतलं पाणी वाळत नाही. माझ्या मते ४०९ ग्रेडचं स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमचा थर दिलेलं लोखंड पुरेसं आहे. ३०४ टिकतं जास्त, पण भाड्याच्या गाडीला तो खर्च वसूल होत नाही. ३०४ सांगून ४०९ देतात, म्हणून चुंबक न्या. ४०९ ला तो घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळपास नाही. भिंत १.२ ते १.६ मिलिमीटर.

सायलेन्सर आरपार जाळीच्या पाइपाचा घेतला तर अडथळा कमी, पण भोवतीची काचलोकर दोन-तीन वर्षांत झडली की आवाज वाढतो. सायलेन्सर काढून नुसता सरळ पाइप ठेवणं हा पर्यायच नाही.

## टप्पा ६ : जुना काढताना

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सकाळी थंड गाडीवर काम सुरू करा. प्रत्येक जॉइंटचा, रबराचा, वायरीच्या वाटेचा मोबाइलवर फोटो काढा. बॅटरीची निगेटिव्ह सोडा. सेन्सरच्या वायरीला पाइप लटकू देऊ नका, खाली लाकडी ठोकळा द्या, आणि सेन्सरच्या आसपास हातोडी चालवू नका. गॅस्केट जुनं परत वापरू नका. एवढंच.

## टप्पा ७ : जोडणी आणि वेल्डिंग

१. आधी सगळे भाग सैल बसवा. नट बोटानं फिरतील एवढेच. पाइप रबरांवर सरळ बसतो का, कुठं टेकतो का ते बघा. एकेक जॉइंट घट्ट करत मागे गेलात तर शेवटचा जॉइंट कधीच जुळत नाही आणि मग तो ताण देऊन ओढला जातो. तिथंच सहा महिन्यांत तडा जातो.

२. जागा सोडा. ३०४ चा पाइप दर १०० अंशांना मीटरमागे सुमारे १.७ मिलिमीटर वाढतो. तीन मीटरचा पाइप २०० अंशांनी तापला तर एक सेंटिमीटर लांब झाला. ही वाढ रबरांनी आणि फ्लेक्सिबल पाइपानं सामावून घ्यायची असते. फ्लेक्सिबल काढून तिथं सरळ पाइप जोडणारे आहेत. तसं केलं की इंजिनाचा प्रत्येक हिसका टर्बोच्या फ्लँजला बसतो.

३. चेसिसपासून किमान एक इंच, ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्यांपासून त्याहून बरंच जास्त अंतर ठेवा. जमत नसेल तर मध्ये उष्णतेचा पत्रा लावा.

४. सगळं जुळल्यावर ठिकठिकाणी टाके मारा, पाइप खाली काढा आणि पूर्ण वेल्डिंग टेबलावर करा. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला आर्गन वेल्डिंग करणारे मिळतात. ३०४ लोखंडाला जोडायचं असेल तर ३०९ ची रॉड वापरायला सांगा, ही गोष्ट बरेच जण टाळतात आणि जोड चिरतो. आतल्या बाजूनंही आर्गन सोडायला सांगा, नाहीतर आत साखरेसारखे खडे धरतात आणि तेच पुन्हा वाट अडवतात.

इशारा: गाडीवरच टाका मारायचा असेल तर बॅटरी सोडलेली हवी आणि वेल्डिंगची अर्थ टाक्याच्या अगदी जवळ, त्याच पाइपाला. अर्थ लांब कुठंतरी चेसिसला लावली तर करंट बेअरिंगमधून किंवा ईसीयूच्या वायरिंगमधून वाट काढतो.

५. शेवटी इंजिनाकडून मागे अशा क्रमानं आवळत या.

## टप्पा ८ : गळती आणि लोड तपासणी

मोकळ्या जागेत गाडी सुरू करा. बंद शेडमध्ये नको, धूर साठतो. मागच्या तोंडाला जाड फडकं क्षणभर, पूर्ण न दाबता धरा. जॉइंटमधून फुसफुस ऐकू आली तर तिथं गळती आहे. पाइप थंड असतानाच साबणाचं पाणी मारा.

मग गाडी भरा आणि पुन्हा खाली बघा. हे लोक विसरतात. रिकाम्या गाडीत कमानपाटे वर असतात, भरल्यावर पाटे बसतात आणि मागचा ॲक्सल पाइपाच्या जवळ येतो. रिकामी गाडी घेऊन समाधानानं घरी गेलेला माणूस पहिल्या भरलेल्या फेरीत खड्ड्यात ठण्ण असा आवाज ऐकतो. भरलेल्या स्थितीत ॲक्सल आणि पाइप यांच्यात तीन-चार बोटं तरी हवीत, कारण खड्ड्यात ॲक्सल आणखी वर येतो. स्पेअर चाकही बघा, पाइप त्याच्या रबराजवळून जात असेल तर हलवा.

तपासा: चेक लाइट लागलाय का? लागला असेल तर स्कॅनरनं कोड वाचा. कोड पुसून गाडी परत देणाऱ्याला, तो काय होता ते विचारा.

## टप्पा ९ : पुन्हा मोजा

टप्पा २ ची वही काढा. तोच रस्ता, तीच वेळ, तेवढंच वजन, टायरमध्ये तेवढीच हवा. ४० ते ७० च्या सहा फेऱ्या, घाटातली तीच खूण, आणि ॲव्हरेजसाठी पुन्हा तीन टाक्या. सहा फेऱ्यांमध्ये आपसातच अर्धा सेकंद फरक येत असेल, तर आधीच्या-नंतरच्या सरासरीतला पाव सेकंद फरक धरू नका. खुणेच्या झाडापाशी आधी दुसरा गिअर लागायचा आणि आता तिसऱ्यातच गाडी निघून जाते, असं झालं तर तो खरा फायदा.

ॲव्हरेज वाढलं नाही तर मेस्त्रीवर चिडू नका. चांगल्या स्थितीतल्या गाडीत ते वाढण्यासारखं फार नसतंच. कमी झालं असेल तर मात्र चालवणाऱ्याला विचारा. आवाज आवडला की पाय जड होतो, हे मी माझ्याच ड्रायव्हरच्या बाबतीत टाक्यांच्या हिशेबात पाहिलंय.

पीयूसी नव्यानं करून घ्या, जुनी मुदत बाकी असली तरी. धुराची के व्हॅल्यू (काळेपणाचा आकडा) आधीच्या पावतीशी ताडून बघा. ती वाढली असेल तर हवा कुठंतरी गळत असू शकते, टप्पा ३ कडं परत जा. आवाजासाठी शेजारी कुणाला उभं करा आणि आयडलला, मग २,००० आरपीएमला ऐकायला सांगा. केबिनमध्ये १,८०० ते २,२०० च्या दरम्यान डोकं दुखेल असं घुमत असेल तर मागे एक लहान सायलेन्सर वाढवावा लागेल. दिवसाचे आठ तास त्या आवाजात बसणारा माणूस संध्याकाळी ब्रेक उशिरा दाबतो.

साधारण २०० किलोमीटरनंतर गाडी थंड असताना सगळे बोल्ट पुन्हा आवळा, तापून-थंडावून ते सैल होतात. आणि जुना सायलेन्सर चांगला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. गॅस्केटच्या मापासकट, फ्लँजला चिठ्ठी बांधून घराच्या माळ्यावर ठेवा. वॉरंटीचं काम निघालं, पासिंगला अडलं किंवा गाडी विकायची वेळ आली, की तोच परत चढवावा लागतो.